अंदमानात संध्याकाळ पाचलाच संपते

पहिल्याच दिवशी आम्ही फसलो. दुपारी पोर्ट ब्लेअरला उतरलो, हॉटेलवर जेवलो, सगळ्यांनी जरा पाठ टेकली आणि पुण्यातल्या सवयीने ठरवलं की पाचला चहा घेऊन निघू, कॉर्बिन्स कोव्हला जाऊ, वाळूत बसून सूर्यास्त बघू. चहा येईपर्यंत सव्वापाच झाले, सासूबाईंचा चष्मा सापडेपर्यंत साडेपाच, आणि खाली उतरून रिक्षा शोधायला लागलो तर बाहेर चक्क दिवे लागलेले. मला वाटलं ढग आलेत. रिक्षावाला हसला आणि म्हणाला, "मॅडम, यहाँ पाँच बजे शाम खतम." वर तो किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्त तिथे पाण्यात दिसतच नाही, हेही त्यानेच सांगितलं. एकंदरीत आमचा अभ्यास असा होता.

म्हणजे गणित सोपं आहे हो, शाळेत भूगोलात शिकलोय आपण, १५ रेखांशाला एक तास. पुणे ७४ रेखांशाच्या जवळ आणि पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ, म्हणजे सव्वा तासाचा फरक, पण घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जानेवारीत पुण्यात सूर्य मावळतो सव्वासहाच्या आसपास आणि तिथे सव्वापाचच्या आसपास. हे एवढं नेट न बघता पण कळायला हवं होतं, पण आम्ही सगळा वेळ कुठल्या रिसॉर्टला ब्रेकफास्ट चांगला आहे त्याचे रिव्ह्यू वाचत बसलो होतो.

हे एवढ्यासाठी लिहितेय की बेटावर फिरताना काय काळजी घ्यायची असं मला आता सारखं कुणीतरी विचारतंय, ऑफिसमधले दोघे आणि सोसायटीतले एक काका-काकू पुढच्या महिन्यात चाललेत. आम्ही जाताना भीती घेऊन गेलो होतो पाण्याची, मगरींची, त्सुनामीची. प्रत्यक्षात आठ दिवसांत जिथे जिथे आमची तंतरली तिथे कारण एकच होतं, वेळ चुकली. बोटीची वेळ, अंधाराची वेळ, ओहोटीची वेळ. बाकी अंदमान आपल्यासारख्या कुटुंबकबिल्यासाठी एकदम निवांत जागा आहे, माणसं सरळ आहेत.

कबिला म्हणजे आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. आईंचे गुडघे दुखतात. बाबा मूळचे गुहागरचे, त्यामुळे समुद्राबद्दल त्यांना कुणी काही सांगायचं नाही, हे कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी नावांचा घोळ, कारण त्यात पण माणूस गडबडतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर, पाटीवर नवीन नाव आणि ड्रायव्हर, दुकानदार सगळ्यांच्या तोंडात जुनं. आईंनी जेट्टीवर बोर्ड वाचून "अहो आपल्याला हॅवलॉकला जायचंय ना, ही बोट तर स्वराजला चाललीय" म्हणून माझा हात धरून मागे खेचलं होतं.

जेट्टीचा दुसरा घोळ जास्त महागात पडू शकतो. पोर्ट ब्लेअरला सरकारी बोटी सुटतात फिनिक्स बे जेट्टीवरून आणि प्रायव्हेट वेगवान बोटी हॅडो जेट्टीवरून. रिक्षात बसून नुसतं "जेट्टी" म्हटलं तर तो त्याच्या मनाने नेणार. आम्हाला पहाटे तसंच नेलं, फिनिक्स बेला उतरवलं, आणि नशिबाने गेटवरच्या माणसाने तिकीट बघून परत पिटाळलं. तिथे ओळखपत्र बघतात, बॅगा स्कॅन होतात, तासभर आधी जायला सांगतात ते उगीच नाही सांगत. रिक्षा मीटरने नाही जात, आधी भाडं ठरवायचं, पण पुण्यात राहणाऱ्या माणसाला यात नवीन काय.

सरकारी बोट स्वस्त, हॅवलॉकला जायला अडीच तासाच्या आसपास घेते, प्रायव्हेट दीड-एक तासात पोचवते. माझं मत विचाराल तर एक फेरी सरकारी बोटीने कराच, कारण डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो, आणि वारा लागला की मळमळ निम्मी होते. प्रायव्हेट बोटी म्हणजे बंद एसी डबा, खिडकीतून पाणी वरखाली होताना दिसतं आणि समोरचा चिप्स खात असतो. ज्यांना वरंध घाटात किंवा ताम्हिणीत गाडी लागते त्यांनी मधल्या, मागच्या बाजूच्या सीट घ्यायच्या, बोट तिथे कमी उसळते. अ‍ॅव्होमिनची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यायची, आणि म्हाताऱ्या माणसांना द्यायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं कारण त्याने झोप येते आणि झोपेत चालत बोटीतून उतरणं हा काही चांगला प्रकार नाही.

चढण्या-उतरण्याचं मात्र नीट सांगते कारण माझी सगळ्यात जास्त काळजी तिथेच होती, आईंचे गुडघे. धक्का स्थिर असतो आणि बोट वरखाली होत असते, मधे फळी. आई पाय उचलायच्या आणि परत ठेवायच्या, उचलायच्या, ठेवायच्या, मागे रांग, लोक चुळबुळ करतायत. तिथला खलाशी, पोरगाच होता पंचविशीचा, त्याने त्यांचा हात धरला, हात म्हणजे पंजा नाही, कोपराच्या वर दंड धरला, आणि म्हणाला, "माँजी, मैं बोलूँ तब." मग बोट खाली गेली, वर यायला लागली, अगदी वर आली आणि क्षणभर थांबल्यासारखी झाली तेव्हा म्हणाला "अब", आणि आई पलीकडे. त्यानंतर आठ दिवस आईंनी प्रत्येक बोटीला तसंच केलं, बोट वर येऊन थांबली की पाऊल. आणि दोन्ही हात मोकळे पाहिजेत, पर्स, बाटली, मोबाईल काही नको. माझा नवरा फोनवर शूटिंग करत करत चढत होता त्याला त्याच पोराने सगळ्यांसमोर झापलं ते मला फार आवडलं.

आता स्कूटरचं. हे जरा लांबण लागेल.

हॅवलॉक हे स्कूटरने फिरायचं बेट आहे असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, रस्ते साधे, ट्रॅफिक म्हणाल तर काहीच नाही, सिंहगड रोडवर रोज संध्याकाळी स्कूटर चालवणाऱ्या बाईला तर ते मैदानच वाटतं. तिथेच चूक होते. आम्ही लेकीला आजी-आजोबांकडे सोडलं आणि दोघंच निघालो राधानगर बीचला, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. गाडी घेताना आम्ही सगळं चुकीचं केलं. भाड्याने द्यायच्या दुचाकीची नंबरप्लेट काळी आणि आकडे पिवळे असतात, पांढरी प्लेट म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. आमची पांढरी होती. आधीच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढायचा असतो, काढला नाही. ब्रेक दाबून बघितले, मागचा अर्धा आत गेल्यावर लागत होता, "चलता है" असं दुकानदार म्हणाला आणि आम्ही पण म्हणालो चलता है. पेट्रोलचा काटा झोपलेला. हेडलाइट लावून बघायचं तर भर दुपारी कुणाच्या डोक्यात येतं?

हेल्मेट दिलं त्याने. आमच्या घरात हेल्मेटचा विषय निघाला की पुण्यात सगळ्यांकडे पडतात तशाच दोन पार्ट्या पडतात, मी घालणारी आणि नवरा "इथे कुठे, जवळच तर जायचंय" वाला. मी म्हटलं घाल नाहीतर मी येत नाही, आणि त्याने घातलं, पट्टा लावला नाही ते मला नंतर कळलं.

जाताना रस्ता इतका सुंदर, सुपारीच्या बागा, भातखाचरं, मधे मधे बंगाली वस्ती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, त्यामुळे गावांची नावं सगळी गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. शेवटचा टप्पा दाट जंगलातून, वळणावळणाचा. राधानगरचा सूर्यास्त पश्चिमेला, पाण्यात, पाहिजे तसा. बघितला. मग फोटो. मग नारळपाणी. मग अजून दोन फोटो. पावणेसहाला निघालो तेव्हा जंगलात ठार काळोख.

आणि तेव्हा कळलं की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतोय. रस्त्यावर दिवे नाहीत, समोरून जीप आली अप्पर मारत, नवऱ्याने डोळे बारीक केले, वळणावर कडेला बारीक खडी होती ती दिसली नाही आणि मागचा ब्रेक लागत नाही म्हणून त्याने पुढचा दाबला. झालं. स्पीड वीस-पंचवीसचा असेल, जास्त नाही, पण चाक असं सरकलं जसं कुणी पायाखालचा गालिचा ओढावा आणि आम्ही दोघंही डाव्या अंगावर. त्याचं हेल्मेट निसटून गडगडत गटाराकडे गेलं तो आवाज मला अजून आठवतो, कलिंगड घरंगळल्यासारखा. डोकं आपटलं नाही, नशीब. माझा गुडघा आणि त्याचं कोपर सोलवटलं, आरसा तुटला.

मागून येणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने थांबून गाडी उचलली, बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं आणि हळूहळू त्याच्या लाइटच्या उजेडात आम्हाला पुढे घालून आरोग्य केंद्रापर्यंत आणलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंग. दुसऱ्या दिवशीचं स्कुबा डायव्हिंग बोंबललं कारण उघडी जखम घेऊन कोण पाण्यात उतरवेल. आरशाचे पैसे दिले, आधीचे ओरखडे पण आमच्याच नावावर लागले, भांडायला पुरावा नव्हता.

त्या टॅक्सीवाल्यानेच पुढचे दोन दिवस फिरवलं. सूर्यास्ताला जायचं असेल तर जाता-येता आणि थांबण्याचं मिळून भाडं ठरवायचं, तो तिथेच थांबतो. दिवसा स्कूटर जरूर घ्या, मी पण परत घेईन, पण तीन-साडेतीनला परत किल्ली द्यायची असं ठरवून. जेट्टी ते राधानगर सरकारी बस पण आहे, वेळ स्टँडवर विचारून घ्यायची, स्थानिक बायका आणि शाळेची पोरं तिनेच जातात.

राधानगरला पोहायचं तर जिथे लाइफगार्ड आहे तिथेच, आणि मगरीबद्दल विचारताय तर हो, खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता, राधानगरच्याच टोकाला नील्स कोव्ह म्हणून जागा आहे तिथे. फार सुंदर आहे ते पाणी, हिरवंगार, शांत, आणि म्हणूनच लोक पाटी वाचत नाहीत. खाडीचं तोंड, तिवरांची झाडी, संध्याकाळची वेळ, यातलं काहीही असेल तर पाण्यात पाय नाही घालायचा. आम्ही लेकीला एवढंच सांगितलं की जिथे माणसं पोहत नाहीत तिथे आपण पोहत नाही, आणि तिला ते पटकन कळलं. आमच्या शेजारच्या खोलीतल्या तीन बापयांना नाही कळलं, पण ते परत आले सुखरूप.

एलिफंट बीचला छोट्या बोटीने जातात, लाइफजॅकेट देतात. देतात म्हणजे अंगावर फेकतात. लेकीला मोठ्या माणसाचं दिलं, तिने घातलं, चेन लावली, गोड दिसत होती, पण मी तिला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचलून बघितलं तर जॅकेट वर आलं आणि लेक खाली राहिली, कान झाकले गेले तिचे. पाण्यात पडली असती तर हेच झालं असतं. मी म्हटलं छोटं द्या, बोटवाला म्हणाला सब को यही देते है, मी म्हटलं मग आम्ही थांबतो. दहा मिनिटांत छोटं आलं, कुठून तरी शेजारच्या बोटीतून. म्हणजे असतं त्यांच्याकडे, मागावं लागतं.

आता बाबांचं गुहागर.

नील बेटावर लक्ष्मणपूरला एक नैसर्गिक दगडी कमान आहे, प्रवाळाच्या खडकाची, तिथपर्यंत खडकांवरून चालत जायचं आणि ते फक्त ओहोटीला. (तिथे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर असे किनारे आहेत, आई जाम खूश.) मी म्हटलं हॉटेलवाल्याला वेळ विचारते. बाबा म्हणाले काय विचारायचंय, आज अष्टमी, तिथीची पाऊणपट करायची, आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला पूर्ण ओहोटी. बाराला पोचू. हे गणित कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालतंय आणि बाबांनी त्यावर आयुष्यभर शिंपले काढलेत, त्यामुळे कुणाची टाप नाही बोलायची.

बाराला पोचलो. लोक परत येत होते. सगळे परत, जाणारे फक्त आम्ही. खडकांमधल्या खळग्यांत पाणी भरत होतं, हळूच, आवाज न करता, एका खळग्यातून दुसऱ्यात. बाबा पाच मिनिटं कमरेवर हात ठेवून बघत राहिले. एक गाईड मुलगा ग्रुप घेऊन परतत होता, तो म्हणाला अंकल, लो टाइड साढ़े नौ बजे था, अब पानी चढ़ेगा. बाबा म्हणाले असं कसं होईल. तो म्हणाला, "होगा नहीं, हो रहा है."

नंतर बाबांनीच उलगडा केला, जेवताना, स्वतःशीच बोलल्यासारखं. पाऊणपट हे आपल्या किनाऱ्याचं गणित. भरतीची लाट सगळीकडे एकाच वेळी पोचत नाही, किनाऱ्याचा आकार, तळाची खोली, यावर प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. तिथी सांगते उधाण आहे (मोठी भरती-ओहोटी) की भांग (छोटी), ते जगात कुठेही तेच, पण घड्याळातली वेळ ज्या त्या बंदराची. आणि अष्टमीला भांग असतं, म्हणजे तसंही पाणी पौर्णिमा-अमावस्येइतकं खाली जात नाहीच, हे म्हणाले मला आधी सुचायला हवं होतं. मला त्यांचं कौतुक वाटलं खरं सांगायचं तर. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हॉटेलवाल्याला वेळ विचारली, दहाच्या आसपास होती, आम्ही नऊला निघालो आणि पाणी उतरत असतानाच आत गेलो. हेच बरोबर आहे, उतरत्या पाण्याबरोबर जायचं म्हणजे परतायला वेळ मिळतो. पायात मागे पट्टा असलेले रबरी सँडल पाहिजेत, साध्या स्लिपर खडकात अडकतात आणि अनवाणी गेलं तर प्रवाळाने ब्लेडसारखं कापतं. आई कमानीपर्यंत नाही आल्या, अलीकडे झाडाखाली बसून लिंबू सरबत प्यायल्या. त्यांना बसवून गेलो याचं मला वाईट वाटत होतं, त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

बाराटांग बेटाबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. चुनखडीच्या गुहा, तिवरांच्या बोगद्यातून जाणारी बोट, ते सगळं अप्रतिम. पण रस्त्याने जायचं तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. जिरकाटांगच्या चेकपोस्टवर गाड्या जमतात, फॉर्म भरून घेतात, आणि ठराविक वेळेला पोलिसांच्या बंदोबस्तात सगळ्यांचा एकत्र ताफा सुटतो. पहिला सकाळी सहाचा, त्यासाठी आम्ही साडेतीनला हॉटेल सोडलं तरी पुढे भलीमोठी रांग. आत थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, फोटो नाही, खायला काही द्यायचं नाही. १९५६ पासून आदिवासी संरक्षणाचा कायदा आहे तिथे आणि तो कडक आहे. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधले एक गृहस्थ सगळा वेळ काचेला नाक लावून "दिसले का, दिसले का" करत होते, मोबाईल मांडीखाली तयार. ड्रायव्हरने गाडी सुरू करायच्या आधीच सांगितलं होतं की मोबाईल दिसला तर माझं लायसन्स जाईल. शेवटी बाबा त्यांना म्हणाले, "अहो, आपण त्यांच्या अंगणातून चाललोय, खाली बघून चला." ते गप्प बसले. परत जाईन का त्या रस्त्याने? बहुतेक नाही. जाणार असाल तर परतीचा शेवटचा ताफा दुपारी असतो, तो चुकला की मुक्काम तिथेच, त्यामुळे गुहेत रमायचं नाही.

सेल्युलर जेलबद्दल इथे लिहीत नाही, ते वेगळं लिहीन. बाबा सावरकरांच्या कोठडीत किती वेळ उभे होते ते मी घड्याळात बघितलं नाही.

एक दिवस हातचा ठेवा, कृपा करून. वारा उठला की बोटी रद्द होतात, आणि त्यात कुणाची चूक नसते, कुणाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. नीलहून पोर्ट ब्लेअरची आमची दुपारची बोट रद्द झाली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीत बसवलं. आमचं विमान त्याच्याही दुसऱ्या दिवशी होतं म्हणून आम्ही मजेत मासे खाल्ले. शेजारच्या टेबलावर नाशिकचं एक जोडपं होतं, त्यांचं विमान सकाळी नवाचं, ते रात्रभर फोन लावत बसले होते. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. स्कुबा केलं असेल तर त्याच दिवशी विमानात बसता येत नाही, १८ तास तरी जाऊ द्यावे लागतात, त्यामुळे डायव्हिंग आधी आणि देवदर्शन-म्युझियम शेवटी असा क्रम लावा.

पैसे रोख ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, साधारण २,३०० किलोमीटरची, तेव्हापासून नेट बरंच सुधारलंय म्हणतात, पण नीलला नारळवाल्याचं यूपीआय गोल गोल फिरत राहिलं आणि त्याने नारळ आधीच फोडला होता. आईंची रोजची औषधं दुप्पट नेली होती आणि ती दोन पिशव्यांत वाटून, हे मला सुचलं नव्हतं, त्यांनाच सुचलं होतं. बेटांवर आरोग्य केंद्रं आहेत, चांगली माणसं आहेत, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत हॉस्पिटल, आणि तिथवर जायला परत बोट लागते. बेट म्हणजे काय ते मला त्या दिवशी ड्रेसिंग करून घेताना कळलं.

निघताना विमानतळावर लेकीची बॅग स्कॅनरमधून बाहेरच येईना. मागे घेतली, पुढे घेतली, मग त्या बाईंनी बोलावलं. आत, मोज्यात गुंडाळलेला, मुठीएवढा प्रवाळाचा तुकडा. मेलेला, पांढरा, किनाऱ्यावर पडलेलाच उचललेला, पण तिथून प्रवाळ नेता येत नाही, वन्यजीव कायदा लागतो, हे आम्ही तिला दहादा सांगितलं होतं असं मी म्हणायला लागले आणि ती बाबांकडे बघायला लागली. बाबा छताकडे बघत होते. त्या बाई काही बोलल्या नाहीत, तुकडा बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला, तिथे आधीच एक छोटा ढीग होता.